माझ्याविरुद्धचे ऱ्हस्व-दीर्घ

मी मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापायला जाण्यापूर्वी त्यातल्या चुका शोधून लाल पेनानं दुरुस्त करायच्या, हा माझा व्यवसाय. हे सांगितलं की लोक आधी "अरे वा" म्हणतात आणि थोड्या वेळानं विचारतात, "पण पोटापाण्याचं काय?" वीसेक वर्षं हे काम करून माझे डोळे गेले, मान गेली आणि होता तेवढा स्वभावही गेला. हॉटेलात बसलो की पदार्थ मागवण्याआधी मी मेनूकार्ड तपासतो. लग्नपत्रिकेत वधूचं नाव चुकलं असेल तर वराच्या वडिलांना फोन करतो. समारंभाला निघताना बायको माझा खिसा चाचपून लाल पेन काढून घेते, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अशा माणसाचं डोकं फिरलं तर ते कुठल्या दिशेनं फिरेल, हे वेगळं सांगायला नको.

आम्ही कात्रजच्या बाजूला एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो. वारा बरा असला की सकाळी प्राणिसंग्रहालयातल्या सिंहाची डरकाळी ऐकू येते. पुढे जे घडलं त्यात मी जवळजवळ सगळ्यांवर संशय घेतला, हा सिंह तेवढा सोडला.

आमच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर, सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. कारखान्यातून निवृत्त झालेले, सरळ, कष्टाळू गृहस्थ. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण त्यांचा त्यावर विश्वास नाही. "ग्रुपवर लोक नुसता अंगठा दाखवतात," असं ते म्हणतात. म्हणून लिफ्टशेजारच्या फलकावर ते स्वतःच्या हातानं लिहून सूचना लावतात. त्यांचा मजकूर साधारण असा असतो: "सुचना. उद्या दुपारी विज दोन तास बंद राहील. तरीही जे लिफ्टने जातील त्यांनी आत शांतता राखावी. संबंधितांनी नोंद घ्यावी."

यातला 'सुचना'मधला सु आणि 'विज'मधला वि दोन्ही दीर्घ हवेत. मला राहवलं नाही. फलकाच्या काचेला कुलूप नव्हतं आणि माझ्या खिशात पेन होतं. दोन-तीन महिने मी येता-जाता सूचना दुरुस्त करत होतो आणि मराठीची सेवा करतोय अशा समजुतीत वर येऊन चहा मागत होतो. मग एके दिवशी नवी सूचना लागली.

"सुचना. फलकावर लाल पेनाने लिहिणे हा गुन्हा नाही, फक्त रिकामटेकडेपणा आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी."

चाळीस बिऱ्हाडांत लाल पेन बाळगणारा मी एकटा. ही सूचना माझ्यासाठीच होती, यात आजही मला शंका नाही. आठवडाभर मी सेक्रेटरींशी बोललो नाही. तोपर्यंत सगळं ठीक होतं. पुण्यात राहायचं तर आयुष्यात एखादी सूचना आपल्या नावानं लागतेच, त्यासाठी कोणी औषध घेत नाही.

त्याच उन्हाळ्यात शालेय गाइडांच्या तीन मालिका एकदम माझ्याकडे आल्या. प्रकाशकाला घाई, मला हाव. झोप आधी चार तासांवर आली, मग दोनवर, मग यायचीच बंद झाली. जेवण कमी झालं. झोप नसली की सगळ्या गोष्टी ठळक अक्षरात छापल्यासारख्या दिसायला लागतात. जिन्यातलं कोणाचं तरी हसणं ठळक, बंद होणारं दार ठळक. मला वाटलं, नजर तेज झाली आहे.

तेव्हा सूचना लागली: "काही सभासद गरजेपेक्षा जास्त पाणी वापरतात. नळ निट बंद करावेत. संबंधितांनी नोंद घ्यावी." त्या दिवशी सकाळी मी दोन बादल्यांनी आंघोळ केली होती. एरवी एकच घेतो. यांना कसं कळलं?

'संबंधित' हा शब्द मी हजार वेळा तपासला असेन. त्याला लिंग नाही, वचन नाही, नाव नाही. जो येईल त्याला आत जागा आहे. मी आत जाऊन बसलो आणि मला बाहेर पडता येईना. पार्किंगमध्ये गाडी तिरकी लावणारे संबंधित मी, आमच्याकडे गाडी नसताना. कुत्र्याची घाण न उचलणारे संबंधित मी, आमच्याकडे कुत्रा नसताना. गाडी नाही, कुत्रा नाही, तरी लिहितात, म्हणजे किती खोलवरचा डाव असेल, असा मी विचार करायचो. पुरावा नसणं हाच माझ्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा होता.

मग मी फाइल केली. प्रत्येक सूचनेचा फोटो काढायचा, चौकातल्या दुकानातून प्रिंट आणायची आणि त्यावर चुकांना गोल करायचे. सुचना, विज, निट, मिटर. पाचव्या दिवशी मला उलगडा झाला. सगळीकडे दीर्घाचा ऱ्हस्व केलेला होता. एक चूक समजू शकतो, दोन समजू शकतो, पण प्रत्येक वेळी लांब असायला हवं ते आखूड? शतायुषी व्हा, दीर्घायुषी व्हा, असा आशीर्वाद आपण देतो. ज्याचं दीर्घ काढून ऱ्हस्व करायचं ठरलं आहे असा या इमारतीत कोण आहे, हे ओळखायला व्याकरण पुरेसं होतं. मला मारणार होते आणि ते मला माझ्याच भाषेत कळवत होते.

आज हे लिहिताना मला हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. भीती अगदी खरी होती. तळहाताला घाम, जिन्यात पाऊल वाजलं की छातीत धडधड. तिचं कारण खोटं असेल, पण शरीराला ते कोणी कळवलेलं नव्हतं. एक कबुलीही इथेच देऊन टाकतो. त्या भीतीत थोडी ऐटही होती. जन्मात कोणी मला विचारलं नाही. पुस्तकावर लेखकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, मुखपृष्ठ करणाऱ्याचं नाव असतं, माझं कुठेच नसतं. आणि आता चाळीस बिऱ्हाडं कामधंदा सोडून रात्रंदिवस माझा विचार करत होती.

या सगळ्यात बायको तेवढी माझ्या बाजूची होती. ती शाळेत शिक्षिका आहे. दुपारी घरी आली की आधी माझा चेहरा पाहायची आणि मग चप्पल काढायची. फाइल मी तिला दाखवली नव्हती, तिला धोका नको म्हणून. मग एका रविवारी फ्रिजवर तिनं लावलेली वाण्याची यादी मी वाचली. साबुदाणा, तूरडाळ, चहा पावडर, सूंठ.

सुंठेचा सु ऱ्हस्व असतो. तिनं दीर्घ लिहिला होता. शिक्षिका आहे ती, मराठी शिकवते. त्यांनी तिकडे ऱ्हस्व केले आणि हिनं इकडे दीर्घ करून पोच दिली, एवढं माझ्या लक्षात आलं आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर खाली बसलो. आणि सुंठ जाते कशात? माझ्या चहात.

दुसऱ्या दिवसापासून तिनं दिलेला सकाळचा चहा मी गॅलरीत नेऊन मोगऱ्याच्या कुंडीत ओतायला लागलो. रिकामा कप परत आणून "मस्त झाला होता" असं सांगायचो. अभिनयही दीर्घच करायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी ती मोगऱ्याला पाणी घालायला गेली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. कुंडीतल्या मातीला सुंठेचा वास येत होता.

त्यापुढच्या सकाळी तिनं माझा कप आणला, माझ्यासमोर उभं राहून त्यातला अर्धा चहा प्यायली आणि उरलेला माझ्या हातात दिला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि तिनं कोणाचं उष्टं खाल्ल्याचं किंवा कोणाला दिल्याचं मी पाहिलं नव्हतं. ती तशी सोवळ्यातली नाही, पण कपाच्या बाबतीत आहे. रोज ती आधी पिऊ लागली. मी एवढा हुशार, की पहिल्याच दिवशी ओळखलं: हिनं उतारा घेतलेला आहे. माझा अर्धा कप मोगऱ्याला जातच राहिला.

आणि फलकावर सूचना लागली. "सुचना. वरील मजल्यावरच्या कुंडीतून तपकिरी पाणी खाली वाळत घातलेल्या शर्टावर पडते. शर्ट पांढरा होता. संबंधितांनी नोंद घ्यावी."

आता मात्र माझी खात्री पटली. मी चहा पीत नाही ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत होती, मला आणि बायकोला. मी सांगितलं नव्हतं. म्हणजे तिनं सांगितलं. पाणी वरून खाली पडतं, खाली सेक्रेटरी राहतात आणि त्यांना स्वतःचा शर्ट दिसतो, हे तेव्हा मला सुचलं नाही. त्याच आठवड्यात मी पाचवीच्या विज्ञानाचं गाइड तपासत होतो.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची सभा होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या टाकीचा विषय, सगळे कंटाळलेले. मी फाइल घेऊन उभा राहिलो. एकेक प्रिंट वर धरून चुका वाचून दाखवल्या, ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हवा होता. पहिली दोन-तीन मिनिटं लोकांना वाटलं मी शुद्धलेखनावर बोलतोय. एकानं जांभई दिली. मग मी सेक्रेटरींकडे बोट करून विचारलं, "हे सगळं मुद्दाम माझ्यासाठी चाललंय, हे कबूल करता का?"

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. "अहो," ते म्हणाले, "माझं शुद्धलेखन शाळेपासून असंच आहे. गुरुजींनी पट्टी मोडली माझ्या हातावर, तरी नाही सुधारलं. तुमच्यासाठी म्हणून खास काही केलेलं नाही हो."

कोणीतरी हसलं. त्या हसण्यानं माझा तोल गेला. मी म्हणालो, "मग हिला विचारा. हिला सगळं माहीत आहे. ही तुम्हाला सामील आहे." आणि बायकोकडे बोट केलं.

नंतर कोणी हसलं नाही. बायको दुसऱ्या रांगेत बसली होती. ती उठली, माझ्या हातातली फाइल घेतली, जमिनीवर पडलेले दोन कागद उचलून त्यात नीट लावले आणि म्हणाली, "चला वर." सेक्रेटरी आमच्याआधी लिफ्टपाशी गेले आणि दार धरून उभे राहिले. मला ते सापळ्याचं दार वाटलं, म्हणून आम्ही चार जिने चढून गेलो.

वर आल्यावर ती माझ्याशी भांडेल अशी माझी तयारी होती. प्रत्येक मुद्द्याला माझ्याकडे उत्तर होतं, प्रिंटसकट. ती म्हणाली, "कोणाचं खरं, कोणाचं खोटं, ते मला ठरवायचं नाही. तुम्हाला झोप नाही आणि तुम्ही घाबरलेले आहात, हे मला दिसतंय. मलाही आता भीती वाटते. तुमच्यासाठी वाटते आणि तुमचीपण वाटते. मी ताईकडे राहायला जाऊ, की उद्या आपण दोघं झोपेसाठी डॉक्टरांकडे जाऊ?"

सत्तावीस वर्षांत तिला माझी भीती वाटल्याचं तिनं कधी सांगितलं नव्हतं. तिला भीती वाटते हे मला माझ्या फाइलीत कुठेही बसवता येईना. सामील असलेल्या माणसाला कशाला भीती वाटेल? मी झोपेसाठी हो म्हणालो.

डॉक्टरबाईंचा दवाखाना येरवड्यात होता. आता पुण्यात येरवडा या शब्दाचे दोन अर्थ होतात, एक तुरुंग आणि एक मनोरुग्णालय, आणि दोन्हींवरून आपण खूप विनोद करतो. कोणी जरा विचित्र वागलं की "याला येरवड्याला पोचवा" असं मी स्वतः आयुष्यभर म्हणत आलो होतो. रिक्षावाल्याला बायकोनं "येरवडा" सांगितलं तेव्हा त्यानं वळून विचारलं, "येरवड्यात कुठं? तिथं आत जायला दोन दारं हायेत." एरवी मी या वाक्यावर खूश झालो असतो. त्या दिवशी नदीवरचा पूल येईपर्यंत मी रिक्षाचा दांडा धरून बसलो होतो.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांच्या टेबलावरच्या पाटीत एकही चूक नव्हती, हे मी आधी तपासलं. त्यांनी तासभर ऐकलं. फाइल पूर्ण पाहिली. खरं आहे म्हणाल्या नाहीत, खोटं आहे असंही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "इतके दिवस हे सगळं एकट्यानं सोसलंत, दमला असाल." मला रडू आलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला किती टक्के खात्री आहे?"

"शंभर."

"तुमच्या कामात कधी एखादी चूक सुटली आहे का तुमच्या हातून?"

हा प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला असता तर मी नाही म्हणालो असतो. पण त्या प्रामाणिकपणे विचारत होत्या. मी सांगितलं. एका संस्थेच्या रौप्यमहोत्सवाच्या अंकाचं काम माझ्याकडे होतं. आतली दोनशे पानं मी तीनदा तपासली, अनुस्वारसुद्धा सुटला नाही. अंक छापून आला, पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन झालं आणि मुखपृष्ठावर सगळ्यात मोठ्या टायपात 'स्मरणिका'चा स् गळून 'मरणिका' छापलेलं होतं. ते मुखपृष्ठ चारदा माझ्या हाताखालून गेलं होतं.

"मग ते दिसलं कसं नाही?"

"मोठी अक्षरं आपण वाचत नाही," मी म्हणालो. "तिथं काय लिहिलेलं असणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. डोळे तेवढंच दाखवतात."

हे मी बोललो आणि टेबलावरच्या माझ्या फाइलीकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर कोणाचा तरी फोन वाजत होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आता किती टक्के?"

मी म्हणालो, "नव्याण्णव." धंद्याची लाज होती म्हणून एक टक्का सोडला. तिथून त्यांनी काम सुरू केलं.

गोळ्या दोन होत्या, एक झोपेसाठी आणि एक संशयासाठी. झोप दहा-बारा दिवसांत आली. संशय काही एका सकाळी उठून गेला नाही. तो विरत गेला, आणि मधूनच पुन्हा दाट व्हायचा. माझा अर्धा कपही आणखी काही आठवडे मोगऱ्याला जातच राहिला. नव्वद, सत्तर, पुन्हा ऐंशी, असे आकडे मी डॉक्टरबाईंना सांगायचो. पावसाळा संपता संपता एकदा लक्षात आलं की चार दिवस झाले, मी फलक वाचलेलाच नाही. बरं वाटलं आणि थोडं रितंही वाटलं. चाळीस बिऱ्हाडं पुन्हा आपापल्या कामाला लागली होती. त्यांच्यातल्या निम्म्यांना मी कोण ते माहीतही नव्हतं.

डॉक्टरबाईंनी एक नियम घालून दिला होता. एखादी गोष्ट आपल्यावर रोखलेली आहे असं वाटलं तर एकाच माणसाला विचारायचं, आणि त्याचं उत्तर मनाला पटलं नाही तरी मानायचं. माणूस मी निवडायचा होता. मी बायकोला निवडलं. त्यांनी तिला सांगितलं, "मग तुम्हाला यांच्याशी कधीही खोटं बोलता येणार नाही. बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही."

ते ती पाळते. दिवाळीनंतर सेक्रेटरी एका संध्याकाळी दारात आले, हातात कागद. "लावण्याआधी तपासून देत जा," म्हणाले, "म्हणजे नंतर लाल पेनाची दगदग नको." मी त्यांना आत बोलावलं. शर्टाबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या. तसाही त्याला चहाचा रंग शोभत होता." कागदावर लिहिलं होतं: "सुचना. काही सभासद लिफ्टमधील जाहिराती वाचून होईपर्यंत लिफ्ट अडवून धरतात. संबंधितांनी नोंद घ्यावी." ते गेल्यावर मी कागद बायकोपुढे धरला. "ही माझ्याबद्दल आहे का?"

तिनं चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हो. ही तुमचीच आहे."

मला इतकं हलकं वाटलं की मी 'सुचना'तला सु दीर्घ करून दिला आणि बाकी मजकुराला हात लावला नाही.

बायकोनं माझ्या कपातला चहा आधी पिणं तोवर बंद केलं होतं. नेमकं कधी, ते मला सांगता येणार नाही. एका सकाळी कप भरलेला आला, एवढं खरं. मी तो प्यायलो, आणि आमच्यातला तो विषय संपला अशी माझी समजूत झाली. बरा झालेला मीच होतो, तेव्हा संपल्याचं जाहीर करण्याचा अधिकारही माझाच, असं काहीसं.

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी लवकर उठलो. ती गॅलरीत होती, माझ्याकडे पाठ करून. मोगऱ्याच्या कुंडीपाशी वाकली होती. तिनं चिमूटभर माती उचलली, नाकाशी नेली, वास घेतला आणि माती परत कुंडीत टाकून हात झटकले. ज्या सवयीनं केलं, त्यावरून कळलं की रोज करत असणार. मोगऱ्याला माझ्या आजारात एकही फूल आलं नव्हतं, आता भरपूर कळ्या होत्या. तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

मी मागे फिरलो आणि पुन्हा अंथरुणावर जाऊन पडलो. वाईट वाटलं. रागही आला आणि तो कोणावर काढायचा ते कळेना. तिच्या संशयाला आधार होता. मी तो रोज सकाळी, अर्धा अर्धा कप करून, दोन महिने पुरवला होता. माझ्या फाइलीतल्या सगळ्या कागदांपेक्षा तिची ती चिमूटभर माती जास्त खरी होती.

थोड्या वेळानं तिनं चहाला हाक मारली. मी कप घेऊन तिच्यासमोर बसलो आणि कुठेही न जाता शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. तळाशी सुंठेचा गाळ होता, तोही प्यायलो. मग कप बशीवर उपडा करून तिच्यासमोर ठेवला.

ती माझ्याकडे बघत राहिली. गॅलरीतलं मी पाहिलं, हे तिला कळलं असावं. तिनं कप उचलून आत डोकावून पाहिलं आणि तो सरळ करून ठेवला. बशीवर एक थेंबही नव्हता.

"संबंधितांनी नोंद घेतली," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

त्यानंतर रोज सकाळी मी कप उपडा करून दाखवतो. मातीचा वास घेणं तिनं अजून सोडलेलं नाही.